सम्राटच्या पहिल्या वर्षाची उद्दिष्टं

तीन वर्षांच्या घोड्याला भिंतीवर टांगलेलं उद्दिष्टपत्रक वाचता येत नाही, हे बाळासो गडद्यांना कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण उभी नोकरी साखर कारखान्यात प्रशिक्षण अधिकारी म्हणून काढल्यावर एक गोष्ट त्यांच्या अंगात मुरली होती. ज्याला वाचता येत नाही त्यालाच उद्दिष्टं द्यावीत. ज्याला वाचता येतं तो शंका काढतो. मुकादमापासून बॉयलरवाल्यापर्यंत सगळ्या कारखान्याला त्यांनी तिमाही उद्दिष्टं वाटली होती आणि ती कुणीही कधी पुरी केली नव्हती. तेव्हा घोडा हाताळायला लागणारा अनुभव त्यांच्याकडे भरपूर होता.

घोडा बदामी रंगाचा, कपाळावर पांढरा टिळा, डोळे शांत, आणि पाठीवर अजून कुणीही न बसलेला. कोरी पाटी हाय, असं विकणाऱ्याने सांगितलं, आणि पाटी कोरी म्हटल्यावर बाळासोंच्या हातात खडू आपोआप आला. घोड्याचं नाव त्यांनी सम्राट ठेवलं. या नावाला घोड्याने वर्षभरात एकदाही ओ दिली नाही. "ये बाबा" म्हटलं की मात्र यायचा.

आता निवृत्त माणूस, कराडला विद्यानगरात टुमदार घर, साखर गोळ्यांवर, स्कूटर स्टँडवर लावायची तर बायकोला हाक मारणारा. अशाला घोडा कशाला हवा, असं कुणीही विचारील. मायाताईंनी तर लग्नानंतर प्रथमच इतका मोठा आवाज काढून विचारलं. उत्तर एका शब्दाचं होतं. भाऊसो. गडद्यांच्या भावकीत कुठल्याही 'कशाला'चं उत्तर भाऊसो हेच असतं.

भाऊसो म्हणजे बाळासोंचे चुलतभाऊ, आटपाडी तालुक्यातल्या तरसवाडीचे माजी सरपंच. सरपंचपद गेलं, पण चालण्यातून अजून गेलेलं नाही. तरसवाडीत चैत्रात बिरोबाची यात्रा भरते. पालखीच्या पुढं घोडा चालतो आणि घोड्याचा मान गडद्यांचा. त्यातही वाटणी आहे. थोरल्या पातीच्या माणसाने घोड्यावर बसायचं आणि धाकल्या पातीच्या माणसाने लगाम धरून पायी चालायचं. भाऊसो थोरल्या पातीचे, बाळासो धाकल्या. बाळासोंचे वडील तात्या जन्मभर चैत्राच्या उन्हात अनवाणी लगाम धरून चालले. वर बसलेला चुलता लोकांवर भंडारा उधळायचा आणि त्यातला निम्मा तात्यांच्याच डोळ्यांत जायचा. तात्यांनी कधी तक्रार केली नाही. एकदाच, पाय शेकत बसले असताना म्हणाले होते, "वरनं गाव कसं दिसत आसंल, कुणाला ठावं." एवढं एक वाक्य. पण ते बाळासोंना आयुष्यभर सलत राहिलं.

अलीकडे घरचा घोडा कुणाकडे राहिलेला नाही. गडदे कधीकाळी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत फिरायचे तेव्हा घोडी होती. आता भावकीत द्राक्षं, डाळिंबं आणि गाड्या आहेत. त्यामुळे यात्रेला विट्याच्या गुंडा कोळेकराची लग्नातली घोडी भाड्याने यायची. गेल्या चैत्रात काय झालं, हलगी कडाडली आणि घोडीला वाटलं वरात निघाली. तिने इमानदारीने नाचायला सुरुवात केली. देवळापासून माळापर्यंत भाऊसो तिच्या मानेला मिठी मारून होते, फेटा एका डोळ्यावर, दुसऱ्या डोळ्यात बिरोबाचा धावा. खाली लगाम धरलेले बाळासो हसले. फार नाही, पण दात दिसले.

भाऊसो उतरले ते सगळ्या पंचांसमोर थरथरत म्हणाले, "लय हसू येतंय न्हवं? मग आणा की घरचं घोडं. पुढल्या यात्रेला तुमी बसा वर, मी धरतो लगाम. पण न्हाई जमलं, तर धाकल्या पातीनं परत मानापानाचं नाव काढायचं न्हाई. कवाच."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं भाऊसोंचं नेहमीचंच होतं. पण पंचांनी मान हलवली आणि पुजारी बिराप्पाने दोघांच्या कपाळाला भंडारा लावून टाकला. भंडारा लावून झालेली गोष्ट तरसवाडीत कोर्टातूनही फिरत नाही. बाळासो कराडला परत आले ते छाती पुढे काढून. घोडं आपल्या रक्तातच आहे, असं त्यांनी मायाताईंना सांगितलं. मायाताईंनी सासूकडून ऐकलेलं होतं की आजेसासऱ्यांच्या घोड्यावर भांडी, कोंबड्या आणि तान्ही पोरं लादत असत, आणि गडदे मंडळी मागून चालत असत. रक्तात होतं ते चालणं. पण नवरा निवृत्त झाल्यापासून त्या सगळंच बोलत नसत.

बाळासो कामाला लागले. आधी वर्षाची आखणी. पहिल्या तिमाहीत हाक मारताच येणे, लगाम स्वीकारणे, हुकुमासरशी थांबणे. दुसऱ्या तिमाहीत रस्त्यावर न बिचकता चालणे, आहारावर ताबा. तिसऱ्या तिमाहीत पाठीवर वजन, वाद्यांची सवय. चौथीत स्वार घेणे, आणि सगळ्यात खाली, ठळक अक्षरांत : यात्रेत मालकास पाठीवर घेऊन मार्गक्रमण. हे घराशेजारच्या मोकळ्या प्लॉटवर, पत्र्याच्या तबेल्यात, घोड्याच्या डोळ्यांसमोर लावायचं म्हणून ते फ्लेक्सवाल्याकडे गेले. फ्लेक्सवाल्याने मजकूर वाचला नाही. मजकूर वाचणारा फ्लेक्सवाला आपल्याकडे अजून जन्माला यायचा आहे. त्याने घोड्याचा फोटो मागितला, घोड्याला गॉगल लावला, मागे उगवता सूर्य टाकला, वर 'भावी मानकरी सम्राट बाळासो गडदे यांना पहिल्या वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा' असं सोनेरी अक्षरांत घातलं, आणि मधे कुठेतरी उद्दिष्टं. शिवाय दोनावर एक फुकट अशी त्याची योजना चालू होती. जादाचा फ्लेक्स त्याने, गिऱ्हाइकाचा हेलपाटा वाचावा म्हणून, स्वतःहून चौकात टांगला.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या कराडला सम्राटची उद्दिष्टं पाठ होती. दूधवाला विचारू लागला, थांबायला लागला का. केशकर्तनालयात अनोळखी माणसाने आहारावर ताबा कसा आणणार यावर मत दिलं. तिसऱ्या दिवशी फोटो भावकीच्या ग्रुपवर पोचला आणि भाऊसोंनी खाली फक्त एक हात जोडलेलं चित्र टाकलं. बाळासोंना त्या दोन हातांचा जितका राग आला तितका शिवीचा आला नसता. मुलगी प्रांजल पुण्याहून फोन करून म्हणाली की पप्पा, आमच्या कंपनीत उद्दिष्टं गुप्त ठेवतात.

नगरपालिकेचं पत्र त्यानंतर आलं. विनापरवाना फलक लावल्याबद्दल नोटीस, आणि ती फलकावर नाव असलेल्याच्या नावाने. श्री. सम्राट बाळासो गडदे यांनी समक्ष हजर राहून खुलासा करावा. बाळासो स्वतः गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना अदबीने बसवलं आणि मुलगा का आला नाही असं विचारलं. मुलगा नाही, घोडा आहे, असं सांगितल्यावर कारकुनाने समजुतीने मान डोलावली. मग म्हणाला, आजकाल सगळेच आपल्या पोरांना असं काही ना काही म्हणतात काका, पण सही त्यांचीच लागेल. तीन हेलपाटे झाले. शेवटी मायाताईंनी सुचवल्याप्रमाणे, घोडा अज्ञान आहे आणि बाळासो त्याचे पालक आहेत, असं लिहून दिल्यावर प्रकरण मिटलं. खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं.

आता शेजारी. विद्यानगरात आधी घोड्याविरुद्ध अर्ज झाला. मग अर्जावर सह्या करणारे घोडा बघायला आले, आणि घोडा बघायला आलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय परत जात नाही. कुणी म्हणे कपाळावरचा भोवरा मालकाला वाईट. कुणी म्हणे मालकाला चांगला, मालकिणीला वाईट. एकाने लिंबू-मिरची सांगितली, एकाने होमिओपॅथी. इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रबुद्ध कांबळे सर तेवढे वेगळे. सरांचा विषय यंत्रांवरचा भार. त्यांनी घोड्याला दोन्ही बाजूंनी मोजपट्टी लावली, कागदावर बाण काढले आणि सांगितलं की एकदम माणूस बसवणं अशास्त्रीय आहे, वाळूची पोती चढत्या क्रमाने लादावीत.

पोती लादली. सम्राटची काही हरकत नव्हती. रोज थोडी थोडी वाळू वाढली आणि सम्राट गवत खात उभा राहिला. मग सर अडले. त्यांच्या गणितात सत्तर किलोच्या पुढे घोड्याच्या वयाला धोका होता, आणि बाळासो सुखवस्तू होते. सरांच्या मते घोडा तयार होता, स्वार नव्हता. त्या दिवसापासून बाळासोंचा भात बंद, साखर तर बंदच होती, आणि रोज पहाटे घोड्याला घेऊन नदीपर्यंत पायी फेरी. ही फेरी घोड्याच्या उद्दिष्टांत 'रस्त्यावर न बिचकता चालणे' या सदरात मोजली जायची. घोडा बिचकत नसे. बाळासो बिचकत, कारण कुत्री.

पावसाळा सरला, दिवाळी झाली, आणि कांबळे सरांच्या काट्यावर बाळासो एकदाचे सत्तरच्या आत आले. ओट्यावर चढून, शर्टाच्या खिशातला मोबाइलसुद्धा काढून ठेवून, ते सम्राटच्या पाठीवर बसले. सम्राटने मान वळवून पाहिलं. पोतं हलतंय कसं, एवढीच त्याची शंका होती. मग तो हलला नाही. अर्धा तास बाळासो वर आणि सम्राट खाली असे दोघेही प्लॉटवर उभे होते. चालायचं कसं ते पोत्याने त्याला शिकवलं नव्हतं.

इथंच घोडं पेंड खात होतं. कांबळे सर म्हणाले, गती हा माझा विषय नाही. तेव्हा जाणता माणूस आणावा म्हणून बाळासोंनी ज्याला आणलं, तो दुसरा कुणी नाही, विट्याचा गुंडा कोळेकर. ज्याच्या घोडीने भाऊसोंना मिठी मारायला लावली तोच. बाळासोंचं म्हणणं असं की भाऊसोंना ज्याने खाली आणलं तो आपला माणूस. असल्या तर्कानेच कारखाना तोट्यात गेला होता.

गुंडा महिनाभर प्लॉटवर मुक्काम ठोकून राहिला. मायाताईंच्या हातची भाकरी खाऊन तो दिवसा झोपायचा आणि संध्याकाळी हलगी वाजवायचा. घोड्यांबद्दल त्याला एकच गोष्ट येत होती, ती म्हणजे लग्नं. नवरदेव वर बसलाय आणि घोडा पुढचे पाय दुमडून सलामी देतोय, मग अंगाखाली पाय घेऊन बैठक मारतोय, आणि करवल्या ओवाळून नोटा टाकतायत. एवढं त्याचं घोड्याचं शास्त्र. बाळासोंनी फ्लेक्सवरची चौथी तिमाही त्याला दोनदा वाचून दाखवली. तो व्हय व्हय म्हणाला आणि जे येत होतं ते शिकवलं. टाच बरगडीला लागली की बसायचं. हे शिकायला सम्राटला आठवडाही लागला नाही. घोडा हुशार होता, हे सगळ्यांनी मान्य केलं.

पुढचं सांगायला नकोच, पण बाळासोंना ते रोज सोसावं लागत होतं. बाळासो वर बसत. घोडा चालावा म्हणून टाच मारत. घोडा अदबीने सलामी देई आणि खाली बसे. बाळासोंचे दोन्ही पाय जमिनीला टेकत आणि मधे घोडा राही. गुंडाला विचारलं तर म्हणाला, ही बैठक पुसाया दोन वर्सं लागत्याली, पर नोटा लय पडत्यात आण्णा. आणि वरातीमागून घोडं तसा सल्ला देऊन गेला की टाच मारूच नका, फुडनं कुणीतरी लगाम धरून न्या.

कुणीतरी म्हणजे कोण? मायाताईंनी लगाम धरला, सम्राट हलला नाही. कांबळे सरांनी धरला, त्याने सरांचं पेन खाल्लं. पहाटेच्या फेऱ्यांत त्याला एकाच पाठीमागे चालायची सवय लागली होती. बाळासो पुढे असले की तो ट्रक, कुत्री, बँडबाजा कशाकशाची पर्वा न करता लोण्यासारखा मऊ चालायचा. म्हणजे घोडा चालायचा तर बाळासो पुढे पाहिजेत, आणि बाळासो वर बसायचे तर पुढे कोण? साऱ्या विद्यानगराने यावर विचार केला. कांबळे सरांनी काठीला बाळासोंचा जुना शर्ट टांगून पुढे न्यायची कल्पना मांडली, आणि सम्राट त्या शर्टाकडे बघून खिंकाळला, ते बाळासोंना हसल्यासारखं वाटलं.

फाल्गुन लागला. एका संध्याकाळी मायाताई घोड्याला पाणी घालायला तबेल्यात गेल्या आणि बराच वेळ फ्लेक्स वाचत उभ्या राहिल्या. बाळासोही आले. मायाताई शांतपणे म्हणाल्या, "सगळी झालीयत की हो उद्दिष्टं." बाळासोंनी विचारलं कुठली. तर त्या बोट लावून सांगू लागल्या. पहाटे तो खिंकाळला की तुम्ही उठून येता, म्हणजे हाक मारताच येणे. तो थांबला की थांबता. कुत्र्यांना आता बिचकत नाही. आहार ताब्यात, वजन उतरलं, डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. "वर्षभर फार कष्ट घेतले त्यानं तुमच्यावर," त्या म्हणाल्या आणि बादली उचलून आत गेल्या.

बाळासोंना हसू आलं नाही. त्यांना खरंच रडू आलं. बायकोने थट्टा केल्याचं नव्हे. यात्रा तोंडावर आली होती. घोडामैदान जवळ होतं, घोडा होता, आणि वर बसणारा माणूस घोड्याच्या पुढेच चालायच्या लायकीचा ठरला होता. तात्यांसारखाच. न गेलं तर भाऊसो जिंकले, आणि गेलं तर सगळ्या गावासमोर फजिती. ते रात्रभर कूस बदलत राहिले आणि शेवटी ठरवलं की फजिती झाली तर होवो, पण घोड्यावर बसून होवो.

तरसवाडीला घोडा न्यायचा तर जनावरांच्या दवाखान्याचा तंदुरुस्तीचा दाखला हवा. तिथल्या साहेबांनी घोडा तपासला, शाबासकी दिली आणि संगणक उघडला. संगणकात गाय होती, म्हैस होती, शेळी, मेंढी, वराह होते. घोडा नव्हता. साहेब म्हणाले, वरती कळवलंय, सहा महिन्यांत येईल. बाळासो म्हणाले, यात्रा परवा आहे. साहेब भला माणूस. त्याने विचारलं, दूध देतो का? नाही. मग बराच विचार करून त्याने दाखला दिला : म्हैस, भाकड, रंग बदामी, प्रकृती उत्तम.

विट्याच्या अलीकडे पोलिसाने टेम्पो अडवला. दाखला वाचला, मागे जाऊन पाहिलं, परत दाखला वाचला. म्हैस कुठाय म्हणून विचारलं. बाळासोंनी फेटा सावरला आणि हीच म्हणून सांगितलं. पोलीस पाटणकडचा होता. आमच्या कोयनेकडं म्हसरं काळी आसत्यात, एवढंच तो म्हणाला आणि टेम्पो सोडून दिला. फेटा बांधलेल्या माणसाशी यात्रेच्या दिवसांत कुणी वाद घालत नाही.

तरसवाडीत देवळासमोर मुंगीला वाट नव्हती. फ्लेक्सची कीर्ती आधीच पोचली होती. पोरं घोड्याला गॉगल कुठाय म्हणून विचारत होती. भाऊसो नवं धोतर नेसून, शब्दाप्रमाणे लगाम धरायला उभे होते. तोंडावर असं की हात जणू विस्तवात घातलाय. सम्राटवर गुंडाने आणलेलं जरीचं खोगीर चढवलं. गुंडाही आला होता, हे सांगायला नको. जिथं घोडा तिथं गुंडा, आणि जिथं गुंडा तिथं काहीतरी होणार.

बाळासो देवळाच्या कट्ट्यावरून सम्राटच्या पाठीवर बसले आणि त्यांना गाव दिसलं. माणसांच्या डोक्यांवरून पलीकडे तळ्याचा बांध, बांधावरची बाभळ, आणि त्याच्याही मागे डोंगरावर फिरणाऱ्या पवनचक्क्या. गाव वरनं लय भारी दिसत होतं. तात्या, बघा, असं ते मनातल्या मनात म्हणाले. मग भाऊसोंनी लगाम ओढला. सम्राट हलला नाही. भाऊसोंनी परत ओढला. पालखी खोळंबली, हलगीवाले ताटकळले, मागून लोक ओरडू लागले. भाऊसो खालून हळूच म्हणाले, "बाळासो, टाच हाणा की."

बाळासो नको नको म्हणत असतानाही घाईत टाच लागलीच. सम्राटने सलामी दिली आणि बैठक मारली. गाव पुन्हा होतं तेवढ्याच उंचीला आलं.

लोक हसायला लागले. हसण्यात भाऊसोंचा आवाज सगळ्यात मोठा. उतरा उतरा, ज्येचं काम त्येनंच करावं, म्हणत त्यांनी बाळासोंना बाजूला केलं, घोडा उठवला आणि कट्ट्यावरून झोकात स्वतः वर बसले. थोरल्या पातीचा माणूस. तो हळू टाच मारतो होय? त्यांनी दोन्ही टाचा दणदणीत हाणल्या. एवढ्या प्रेमाने आपल्याला कधीच कुणी सांगितलं नव्हतं, अशा थाटात सम्राटने सलामी दिली, पुढचे गुडघे टेकून, मान खाली घालून. भाऊसो मानेवरून घसरत थेट पालखीपुढं पालथे पडले. दंडवत इतका पुरता झाला की दोन म्हाताऱ्यांनी हात जोडले.

आता कुणी हसेना. बिराप्पा पुजाऱ्याला पालखी वेळेत माळावर न्यायची होती, त्याला घोड्यापेक्षा उन्हाची चिंता. तो ओरडला की आवं कुनीतरी घोडं बाजूला घ्या. बाळासो पुढे झाले, लगाम हातात घेतला आणि रोजच्या सवयीने म्हणाले, "चल बाबा."

सम्राट उठला. अंग झाडलं आणि त्यांच्या मागे चालू लागला. हलगी कडाडली तसा गुंडाच्या शिकवणीप्रमाणे त्याने पावलं थोडी उचलून टाकली, पण लगाम सैल राहिला. जरीचं खोगीर रिकामं होतं. मागून कुणीतरी बाई घोगऱ्या आवाजात म्हणाली, दोगांनाबी उठिवलं देवानं, आता सोता बसलाय बगा. ते वाक्य गर्दीतून पसरलं. बिराप्पाने एक क्षण विचार केला, मग ओंजळभर भंडारा त्या रिकाम्या खोगिरावर उधळला आणि बिरोबाच्या नावानं चांगभलं केलं. पहिला पाया कोण पडला? गुंडा. बैठक कुणी शिकवली ते त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी पडला, आणि मनापासून पडला.

माळापर्यंत बाळासो लगाम धरून चालले. चपला देवळापाशीच राहिल्या होत्या. पाय भाजत होते. भंडारा मागून उडत होता आणि डोळ्यांत जात होता, म्हणून डोळ्यांतून पाणी येत होतं, असं त्यांनी नंतर मायाताईंना सांगितलं. खरं म्हणजे त्यांना तात्या आठवत होते. तात्या चालले ती हीच वाट. फक्त त्यांच्या मागे वर माणूस असायचा, आणि आज नव्हता.

माळावर नैवेद्य झाल्यावर पंच बसले. बिराप्पाने निकाल दिला की बिरोबाला आता हाच घोडा हवा आणि त्याच्यावर इथून पुढे कुण्या माणसाने बसायचं नाही. लगाम धरायला ज्याच्यामागं तो चालतो तो. म्हणजे थोरल्या पातीचा मान देवाकडं गेला आणि धाकल्या पातीचा होता तिथंच राहिला. यावर कुणालाच काही बोलता येईना, कारण देवाशी भावकीचा वाद घालायची पद्धत अजून पडलेली नाही. मायाताई बाळासोंना हळूच म्हणाल्या की म्हणजे आता जन्मभर पोसायचा आणि बसायचं कधीच नाही. बाळासो म्हणाले, हो.

जेवणं उरकली. बाळासो बाभळीखाली सम्राटला मालिश करत होते, तेव्हा भाऊसो आले. गुडघा खरचटला होता, धोतर पिवळं झालं होतं. त्यांनी घोड्याच्या मानेवरून हात फिरवला. एवढ्या वर्षांत भाऊसो बाळासोंकडे काही मागायला आले ते पहिल्यांदाच.

"बाळासो," ते म्हणाले, "लगामाला दोन बाजू आसत्यात न्हवं? पुढल्या वर्षी दुसऱ्या बाजूनं मी धरू का?"

 बाळासोंनी सम्राटची आयाळ सारखी केली, हात पुसले, भाऊसोंना पायांपासून फेट्यापर्यंत एकदा नीट न्याहाळलं आणि पोटाशी नजर थोडी थांबवली.

"धरा की," ते म्हणाले. "पण आधी कराडला या. पहिल्या वर्षाची उद्दिष्टं ठरवू तुमची."